सांगोल्याची आमदारकी, १९६२ ते २०१९ : एका मतदाराचा रिव्ह्यू

मोबाईल, मिक्सर, हॉटेलची थाळी, सगळ्याचा रिव्ह्यू टाकतो आपण. पण ज्या सर्व्हिससाठी दर पाच वर्षांनी उन्हात रांग लावून बोटाला शाई लावून घेतो तिचा कुणी टाकत नाही. म्हणून मी टाकतोय. सर्व्हिस आहे आमदारकी, ठिकाण सांगोला, जिल्हा सोलापूर, आणि ती देणारा माणूस म्हणजे भाई गणपतराव देशमुख, आमच्याकडं सगळे आबासाहेबच म्हणायचे. ३० जुलै २०२१ ला गेले ते, त्यामुळं हा रिव्ह्यू वाचून कुणी ती सर्व्हिस घ्यायला जाऊ शकणार नाही हे माहितीये मला. तरी लिहितोय, कारण मागच्या महिन्यात एक प्रकार झाला आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

नोकरीमुळं गेली पंधरा वर्षं मी एका शहरात राहतो, कुठलं ते जाऊ दे. आमच्या गल्लीत पाण्याचा प्रॉब्लेम होता, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन तिथल्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. एसी, सोफा, भिंतीवर फोटो, सगळं झकास. पहिल्या दिवशी साहेब बाहेर, दुसऱ्या दिवशी साहेब मिटिंगमध्ये, तिसऱ्या वेळी एका पोरानं वहीत नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतला आणि म्हणाला फोन येईल. फोन काही आला नाही. पण त्या नंबरवर आता प्रत्येक सणाला शुभेच्छांचा फोटो येतो. त्या रात्री बायकोला सांगत बसलो होतो की आमच्या सांगोल्यात असं नव्हतं गं, आणि ती म्हणाली मग लिही की, इथल्या लोकांना कळू दे आमदार कसा असतो ते.

तर आधी थोडी माहिती, बाहेरच्यांसाठी. सांगोला म्हटलं की हल्ली लोक २०२२ चा, तेव्हाच्या आमदारांचा, तो झाडी डोंगर हाटीलवाला फोन कॉल आठवतात. आमच्या तालुक्याची ओळख तेवढीच राहावी याचं मला खरंच वाईट वाटतं. सांगोला म्हणजे पर्जन्यछायेतला दुष्काळी तालुका, माण नदी आहे पण वर्षातला बराच काळ वाळूच, पंढरपूर तीसेक किलोमीटरवर, खिलार जनावरांचा बाजार आणि डाळिंब या दोन नावाजलेल्या गोष्टी. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ना, ती सांगोल्यातूनच पश्चिम बंगालला गेली होती.

या तालुक्यानं एका माणसाला अकरा वेळा आमदार केलं. १९६२ आणि ६७ ला निवडून आले, १९७२ ला पडले, १९७४ ची पोटनिवडणूक जिंकली, मग ७८, ८०, ८५, ९०. १९९५ ला पुन्हा पडले, तेही फक्त १९२ मतांनी. मग ९९, २००४, २००९, २०१४. शेवटची जिंकली तेव्हा वय ८८. आणि हे सगळं एकाच पक्षाकडून, शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा. बाकी महाराष्ट्रात शेकाप आटत आटत गेला, २०१४ ला २८८ पैकी तीन आमदार होते त्यांचे, त्यातला एक आमचा. या काळात आजूबाजूच्या तालुक्यांतल्या किती पुढाऱ्यांनी किती पक्ष केले ते मोजत बसत नाही, सगळ्यांना माहितीये.

मूळचे ते सांगोल्याचे नव्हेत, जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, १० ऑगस्ट १९२६. पुण्यात शिकले, कायद्याची पदवी घेतली, तिथंच शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या शेकापशी संबंध आला आणि मग सांगोल्यात येऊन वकिली करता करता राजकारण. म्हणजे ज्या तालुक्यानं पन्नास वर्षांच्या वर डोक्यावर घेतलं तिथं ते बाहेरून आलेले होते, हे आमच्याकडच्या नव्या पोरांना सांगितलं तर पटत नाही.

आता सर्व्हिसबद्दल. सगळ्यात आधी एसटी, कारण तिच्याशिवाय हा विषय पुढं जातच नाही.

लाल डब्यात पुढच्या बाजूला एका सीटवर आमदार-खासदारांसाठी राखीव असं रंगवलेलं असतं, बघितलं असेल सगळ्यांनी. आमदाराला एसटीचा प्रवास फुकट असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक लोकांना ती नुसती रंगवलेली अक्षरं वाटतात, कारण त्या सीटवर आमदार बसलेला कुणी आयुष्यात बघितलेला नाही. आमच्याकडं ती सीट खरोखर वापरात होती. अधिवेशनाला मुंबईला जायचं तर एसटीनं, आमदार निवासात राहायचं, परत यायचं तर एसटीनं. पेपरवाल्यांनी यावर पुष्कळ लिहिलं, साधेपणा साधेपणा म्हणून. मला साधेपणा नंतर दिसतो, आधी त्यातली सोय दिसते. नीट विचार करा, काच वर केलेल्या गाडीत बसलेल्या आमदाराला तुम्ही गाठणार कसं? मध्ये ड्रायव्हर, मध्ये पीए, मध्ये चार कार्यकर्ते. पण स्टँडवर उभा असलेला आमदार गाठायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. शेजारच्या सीटवर बसून माणूस तासभर आपलं गाऱ्हाणं सांगू शकतो, आणि बस चालू असताना समोरच्याला उठून मिटिंगला जाता येत नाही. ज्या म्हातारीला अर्ज लिहिता येत नाही तिला तोंडी सांगता येत होतं. माझ्या लेखी आमदाराच्या सर्व्हिसमधलं पहिलं कलम हेच, मधल्या माणसाशिवाय पोचता येतं का. इथं पूर्ण मार्क, हात आखडता न घेता.

आणि हे दोन-चार वर्षं निवडणुकीपुरतं केलेलं नाही. वयाच्या ऐंशीनंतरही चालू होतं. माझ्या वडिलांच्या पिढीला तर यात काही विशेष आहे असंच वाटायचं नाही, आमदार म्हणजे असाच असतो अशी त्यांची समजूत. मी शहरात येऊन तीन खेटे घातले तेव्हा मला कळलं की आम्हाला काय मिळत होतं.

दुसरी गोष्ट विधानसभेतलं काम. याच्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि माझ्या मते खरी आमदारकी इथंच असते. आपल्याला वाटतं आमदार म्हणजे गटार, सभामंडप, हायमास्ट दिवा, आमदार निधी. निधी आता वर्षाला पाच कोटी झालाय म्हणून सगळं लक्ष तिकडंच. पण आबासाहेब पहिल्यांदा निवडून आले १९६२ ला, तेव्हा असा निधी नव्हताच, तो प्रकार ऐंशीच्या दशकात आला. म्हणजे त्यांची पहिली वीसेक वर्षं आमदाराच्या हातात खर्चायला पैसे नव्हते, हातात फक्त प्रश्न होते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तासाची चर्चा, ही सगळी सभागृहात सरकारला जाब विचारायची साधनं. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, आणि उपप्रश्न विचारायचा तर विषय तोंडपाठ लागतो, कागद वाचून जमत नाही. पाणी, जमीन, शेतमालाचा भाव, रोजगार हमी या विषयांवर ते उभे राहिले की मंत्री तयारी करून यायचे असं जुने लोक सांगतात. सभागृहात पूर्ण वेळ बसणारे म्हणून त्यांचं नाव होतं. विरोधी पक्षनेते म्हणूनही काम केलंय त्यांनी. पक्षाचे आमदार मूठभर, तरी आवाज ऐकला जायचा, कारण जो माणूस रोज बसून दुसऱ्याचं ऐकतो त्याचं बोलणं सभागृह ऐकून घेतं.

मंत्रीही होते, पण थोडाच काळ. १९७८ ला शरद पवारांचं पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं त्यात, आणि मग १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, पणन आणि रोजगार हमी. ही रोजगार हमी म्हणजे दुष्काळी माणसाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली योजना, ७२ च्या दुष्काळात तिच्यावर लाखो लोक जगले, १९७७ ला तिचा कायदा झाला, मागेल त्याला काम, आणि पुढं देशाच्या कायद्याला तिचाच पाया मिळाला. आमच्याकडं खडी फोडायला गेलेली माणसं घरोघरी आहेत, आमच्या आजीच्या हाताला त्याचे घट्टे शेवटपर्यंत होते. ते खातं सांगोल्याच्या आमदाराकडं आलं तेव्हा घरात केवढा आनंद झालेला मला आठवतोय, मी नुकतंच पहिलं मतदान केलं होतं. २००२ ला शेकापनं सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्रिपद सुटलं. परत आपले बस आणि प्रश्न.

आता पाणी. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण माझा सगळ्यात मोठा आनंद आणि सगळ्यात मोठी तक्रार दोन्ही इथंच आहेत.

सांगोल्याला पाणी म्हणजे नीरा उजव्या कालव्याचं, आणि आम्ही त्या कालव्याच्या शेपटाला. फलटण, माळशिरस, पंढरपूर करत करत उरलं तर आमच्याकडं. शेपटाकडच्या माणसालाच कळतं शेपूट म्हणजे काय, वरच्यांचं पाळीपत्रक, म्हणजे पाणी सोडायचं वेळापत्रक, आणि आमचं नशीब. बाकी तालुका कोरडा. कृष्णेचं पाणी तर सातारा-सांगलीतून पुढं कर्नाटकात निघून चाललेलं, आणि मधल्या डोंगराच्या अलीकडं आम्ही बोअरला बोअर मारतोय. १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद झाली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी पुढं होते, कृष्णा खोऱ्यातले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले आणि गणपतराव त्या लढ्यातले बिनीचे. दरवर्षी परिषद, दरवर्षी मोर्चे, ठराव. ज्यांना वाटतं मोर्च्यानं काय होतं त्यांनी हा भाग वाचावा. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी वापरायला मे २००० ची मुदत दिली होती, आणि कृष्णा खोरे महामंडळ निघालं १९९६ ला. त्यातून टेंभू, म्हैसाळ अशा उपसा योजनांना वेग आला. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं, कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यात आणायचं. म्हैसाळचं मिरज, कवठेमहांकाळ, जत, मंगळवेढा आणि आमचा काही भाग. पुढं वीजबिलाचा प्रश्न आला, उपशाचं पाणी परवडेना, तर ८१-१९ चं सूत्र मिळालं, म्हणजे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी. यातलं एकही काम एका आमदाराचं नाही, पण तीस वर्षं तोच विषय न सोडता लावून धरणारे जे मोजके होते त्यातले ते.

ज्या दिवशी टेंभूचं पाणी आमच्या बाजूच्या ओढ्यातून वाहताना बघितलं ना, वडील चपला काढून पाण्यात उभे राहिले नुसते. बोलले काहीच नाहीत.

पण तक्रार पण लिहिणार, कारण रिव्ह्यू खरा असला पाहिजे. फार उशीर झाला. १९६२ ला निवडून आलेल्या माणसाच्या तालुक्यात त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१२-१३ ला, चारा छावण्या लागतात, २०१८-१९ ला पुन्हा लागतात, माणसं जनावरांसोबत छावणीतच झोपतात, हे कसं विसरायचं. आमच्या बरोबरीची अर्धी वर्गातली पोरं पुण्या-मुंबईला गेली, मी पण त्यातलाच. लोक म्हणतात सत्तेत असते तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं. मी यावर खूप विचार केलाय आणि माझं मत असं की हो, काही कामं लवकर झाली असती, बहुतेक काळ विरोधात बसणाऱ्या पक्षाचा आमदार निवडायची किंमत असते आणि ती आम्ही मोजली. पण ज्या तालुक्यांचे आमदार बराच काळ सत्तेत होते ते जत, माण, खटाव तरी कुठं आधी भिजले? त्यामुळं सगळा दोष विरोधी बाकावर टाकायला माझं मन होत नाही. तरी अर्धा स्टार इथं कापतो.

सूतगिरणीचं सांगायचं राहिलं. सांगोल्यात कापूस असा फारसा पिकतच नाही, तरी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, आणि पुढं बायकांची वेगळी. मला लहानपणी वाटायचं कापूस नसताना गिरणी काढायची म्हणजे काय, पण शेती पावसावर असलेल्या तालुक्यात महिन्याच्या महिन्याला पगार येणारं काहीतरी हवं होतं, ते हे. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या कशा बंद पडल्या, यंत्रं भंगारात गेली, जमिनी विकल्या गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय. आमची चालू राहिली आणि नीट चालते म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. आमच्या गल्लीतल्या दोन घरांची चूल तिच्यावर चालली, पोरींची लग्नं झाली, एक पोरगा इंजिनिअर झाला.

आणखी एक तक्रार आहे आणि ती लिहिताना मला जड जातंय. दुसरी फळी. एवढ्या वर्षांत पक्षात आबासाहेबांच्या तोलाचं दुसरं कुणी तयार झालं नाही. २०१९ ला वयामुळं ते थांबले, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, शहाजीबापू पाटील निवडून आले, तेच ज्यांनी ९५ ला खुद्द आबासाहेबांना १९२ मतांनी हरवलं होतं. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, लाल झेंडा परत वर गेला म्हणून गावाकडच्या ग्रुपवर मी पण गुलालाचे फोटो टाकले. पण ज्या पक्षानं गावोगाव चावडीवर बसून कार्यकर्ते घडवले, त्याला उमेदवार शोधायला घरातच बघावं लागलं, हे मला टोचतं. घराणेशाहीवर बोलायचं तर आपल्यापासून बोलावं. नातवांची लायकी नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही, ते डॉक्टर आहेत, लोकांत आहेत. पण पेनूरहून आलेल्या एका पोराला सांगोल्यानं जसा आमदार केला, तसा एखाद्या वाडीवरच्या पोराला आज करता येईल का, हा प्रश्न मला पडतो.

किंमत काय पडली हेही रिव्ह्यूत सांगतात. या सर्व्हिसची किंमत मतदाराला जवळजवळ शून्य होती. जुन्या निवडणुकांत लोक घरची भाकरी बांधून प्रचाराला जायचे असं वडील सांगायचे, उमेदवारानं जेवण द्यायचं असतं ही कल्पनाच नव्हती. मी मतदान करायला लागलो तोवर इतर ठिकाणी पाकिटं, धाबे, गाड्या हे सगळं सर्रास सुरू झालं होतं, आणि अशा काळात लाल झेंड्याच्या सभेला माणसं आपापल्या सायकली-मोटारसायकलींवर यायची. दिलं नाही म्हणून वसूल करायचाही प्रश्न नाही. हे गणित मला फार उशिरा कळलं, की जो मतासाठी खर्च करतो तो पाच वर्षं वसुलीत असतो आणि ती वसुली आपल्याच रस्त्यातून, आपल्याच कालव्यातून होते.

माझा मित्र म्हणतो तू जुन्या काळात अडकलायस, आता मतदारसंघात लाखो मतदार, एसटीनं फिरून कसं होणार. अरे पण २०१४ ला पण मतदार लाखांतच होते की, आणि व्हॉट्सॲप पण आलेलं होतं. तेव्हाही तो माणूस भेटत होता. आता तर फोनवर बसल्या बसल्या आमदाराला हजार लोकांना उत्तरं देता येतात, सोय वाढलीये, मग भेटणं कमी का झालं? माझ्याकडं तरी याचं एकच उत्तर आहे, भेटायची गरज वाटत नाही त्यांना.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा पाण्याच्या उशिराचा गेला. दुसऱ्या फळीचा अर्धा कापायला निघालो होतो, पण तो आम्हा कार्यकर्त्यांच्या नावावर पण पडतो, एकट्या त्यांच्या नावावर टाकणं बरोबर नाही. मी स्वतः गाव सोडून आलो, पक्षाच्या एका बैठकीला गेलो नाही वीस वर्षांत.

शहरातल्या त्या कार्यालयात परवा चौथ्यांदा गेलो होतो. यावेळी अर्जाची पोच घेतली, सही-शिक्क्यानिशी, आणि तिथल्या माणसाला विचारलं की या अधिवेशनात पाण्यावर साहेबांनी कोणता प्रश्न टाकलाय. त्याला प्रश्नच कळला नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज बघायला मिळतं, तिथून शोधून काढणार आहे. आणि दिवाळीला गावी गेलो की सांगोल्याच्या नव्या आमदारांकडं एक अर्ज घेऊन जायचाय, आमच्या वाडीच्या फाट्याला शेवटपर्यंत पाणी पोचत नाही, मधल्या बाराशे फुटांचं काम राहिलंय. वडील म्हणालेत मी पण येतो. कसं भेटले, किती वेळ लागला, काय झालं ते इथंच खाली लिहीन.